कृषी केंद्रातलं फवारणीचं किट: पाणी अडतं, ईसी अडत नाही

टोपी, चष्मा, मास्क, एप्रन, हातमोजे. पॅकेटवर ‘संपूर्ण सुरक्षा’ लिहिलेलं. भुकटी मिसळायला हे किट चालेल. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, ईसी (तेलकट द्रावकातलं, पाण्यात मिसळून मारायचं औषध) मारायला हे पुरत नाही, आणि आपल्याकडे ईसीही बरंच मारतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. त्यानंतर सरकारनं काही काळ विक्री थांबवलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस ४० टक्के + सायपरमेथ्रिन ४ टक्के ईसीही होतं.

ईसीमध्ये विष झायलीनसारख्या तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं, म्हणून पाण्यात टाकताच दुधासारखं पांढरं होतं. हाच द्रावक पातळ कापडातून झिरपतो आणि विषाला कातडीत शिरायला मदत करतो. दुकानातच बघा: एप्रनखाली कोरा कागद ठेवा, वर एक थेंब पाण्याचा, एक डिझेलचा टाका. पाणी वर उभं राहतं, डिझेलचा डाग कागदावर उमटतो.

त्यात एप्रन फक्त समोरून. पाठ उघडी, आणि पंपाच्या झाकणाचा वायसर झिजला की औषध गळतं ते पाठीवरच. ओल्या पऱ्हाटीतून चालताना मांड्या भिजतात, त्यालाही आडोसा नाही. त्यापेक्षा पीव्हीसीचा रेनकोट-पॅन्ट घ्या. उकडतं खरं, म्हणून फवारणी सकाळी लवकर उरकायची. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असेल तर नोझल वर धरू नका, फवारा तोंडावर येतो.

मास्क धुळीचा आहे. वाफ त्यातून सरळ आत जाते. तपकिरी पट्ट्याचं कार्बन कार्ट्रिज (वाफ शोषणारी कोळशाची डबी) आणि पुढे कणांची गाळणी असलेला मास्क लागतो. काम झालं की कार्ट्रिज घट्ट पिशवीत बंद करा, उघड्यावर कार्बन हवेतली वाफ ओढत राहतो. वास यायला लागला की बदला.

हातमोजे दवाखान्यातल्यासारखे पातळ लॅटेक्सचे आहेत, द्रावकानं फुगतात. जाड, लांब बाह्यांचे नायट्रिल रबराचे घ्या आणि काढण्याआधी हातातच साबणानं धुवा.

चष्मा मात्र चांगला आहे, तो ठेवा. बाकीच्यासाठी पैसे घालू नका.

किटमधल्या कागदावर रिकाम्या डब्याबद्दल एक ओळ नाही. डबा तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओता, नाल्यात नको. मग भोक पाडा. लेबल मात्र फवारणीचा हंगाम संपेपर्यंत जपा. घाम, लाळ, डोळ्याची आकसलेली बाहुली दिसली तर रुग्णासोबत तेच दवाखान्यात न्या, कारण उपचार औषधावर ठरतो: प्रोफेनोफॉसवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा चालतो, डायफेन्थियुरॉन या दुसऱ्या कीटकनाशकावर ठरावीक उतारा नाही.