करवंटी की रसवंतीचा चोथा? सुपरकपॅसिटरचा इलेक्ट्रोड करताना

सुपरकपॅसिटर म्हणजे वीज साठवून झटकन परत देणारं साधन. त्याचे इलेक्ट्रोड बारीक छिद्रांच्या कार्बनचे असतात, आणि तो कार्बन करवंटी किंवा उसाचा चोथा हवेशिवाय भट्टीत तापवून करता येतो. यातलं काय घ्यायचं? मुंबईतल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ठरवताना मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. चोथा फुकट मिळतो, रसवंतीवाला पोतंभर देतो, म्हणून कल तिकडेच असतो. माझं मत करवंटीच्या बाजूचं आहे.

चोथा ओला असतो आणि त्यात साखर उरलेली असते. एका जुलैत आम्ही तो दोन दिवस पोत्यात ठेवला, तर आंबूस वास सुटला आणि बुरशी धरली. इथल्या पावसाळ्यात तो आणल्या दिवशीच धुऊन ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवायला हवा. करवंटी शेंडी-खोबरं खरवडून ठेवली की महिनोन्महिने टिकते. कष्ट आहेत ते ती फोडून दळण्यात.

खरा फरक भट्टीतून काढल्यावर कळतो. करवंटीत लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) भरपूर आणि राख अगदी थोडी, त्यामुळे कार्बन घट्ट होतो आणि २ नॅनोमीटरहून बारीक छिद्रांनी भरतो. बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्येही करवंटीचा कार्बन सर्रास वापरला जातो. चोथ्याचा कार्बन तंतुमय, हलका. त्यात आयन (द्रावणातले विद्युतभारित कण) चटकन आतबाहेर करतात, हा त्याचा मोठा गुण. पण तेवढ्याच जागेत कार्बन कमी मावतो. दर ग्रॅमला मिळणारे फॅरड (वीज साठवण्याच्या क्षमतेचं एकक) देखणे दिसले तरी दर घनसेंटिमीटरला आकडा घसरतो, म्हणून दोन्ही मोजा. तीन इलेक्ट्रोडच्या सेलवरचा, म्हणजे एकटा इलेक्ट्रोड तपासायच्या मांडणीवरचा आकडा उपकरणाचा म्हणून कधीही लिहू नका. दोन सारखे इलेक्ट्रोड जोडून दोन्हींचं वजन धरलं, की तो चौथ्या हिश्श्यावर येतो.

कार्बन सक्रिय करण्याची, म्हणजे त्यात बारीक छिद्रं पाडण्याची रीत दोन्हींना सारखीच: पोटॅशियम हायड्रॉक्साइड, नायट्रोजनचा प्रवाह, ७०० ते ८०० अंश. हा अल्कली ॲल्युमिनाची मूस खातो, निकेलची घ्या. भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका. आत पोटॅशियम धातू उरलेला असू शकतो आणि पाणी लागताच तो पेट घेतो. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि नंतर पाण्याने, पीएच ७ येईपर्यंत धुवा.

दादरच्या फूलबाजारातला झेंडूही कुणी सुचवतं. त्यात राख जास्त, दोरा-बेगड मिसळलेली, आणि प्रत्येक खेप वेगळी. पहिल्या प्रकल्पाला नकोच.

सोडियम-आयन बॅटरीचा ॲनोड करायचा असेल, तर आधी भट्टी पाहा. त्याला लागणारा हार्ड कार्बन साधारण १००० ते १४०० अंशांवर होतो, आणि कॉलेजची भट्टी तिथवर जात नसेल तर सुपरकपॅसिटरच करा.