नाताळातलं घरचं जेवण: दुपारची मासळीची पंगत की संध्याकाळची शाकुती आणि पाव?

19 डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनापासून 6 जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत आमच्या फोंड्याकडच्या घरात माणसांचा राबता असतो. बेळगावची मावशी चोर्ला घाटातून येते, पुण्याचे भाचे मडगावला गाडीतून उतरतात आणि वाड्यावरची मंडळी तर न सांगताच डोकावतात. या दिवसांत एकदा तरी सगळ्यांना जेवायला बोलवायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. पण कसं बोलवायचं? बरीच वर्षं आम्ही दुपारची मासळीची पंगत घातली. अलीकडची चार वर्षं संध्याकाळी अंगणात शाकुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली कोंबडी, आणि पाव ठेवतो. दोन्ही करून पाहिलंय म्हणून लिहितो. हॉटेलचा पर्याय मी धरलेलाच नाही. या पंधरवड्यात पर्यटकांच्या गर्दीत वीस जणांना एकत्र बसायला जागा मिळवायची आणि मागे लोक ताटकळत उभे असताना जेवायचं, यात निवांतपणा कुठला?

आधी पंगतीबद्दल, कारण तिच्यावर माझा अजून जीव आहे. केळीच्या पानावर उकड्या तांदळाचा भात, त्यावर हुमण म्हणजे मासळीची नारळातली आमटी, बाजूला किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, रव्यात तळलेली इसवणाची (सुरमईची) तुकडी, शेवटी सोलकढी. सगळे एका ओळीत, एका वेळी जेवतात. वाढणाऱ्याला आग्रह करता येतो आणि मामांसारख्या जुन्या माणसाला आपला मान राखला गेला असं वाटतं. भात नसेल तर ते जेवणच नव्हे, असं मानणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. परगावच्या पाहुण्याला तर गोव्यात येऊन ताजी मासळी हवीच असते. चव हा एकच निकष लावला, तर मी आजही पंगतीलाच कौल देईन.

अडचण आहे ती तव्याची.

हिशोब सांगतो. बावीस माणसं, माणशी दोन तुकड्या, म्हणजे चव्वेचाळीस. आमच्या बिडाच्या तव्यावर एका वेळी सहा मावतात. एका घाण्याला आठ मिनिटं धरली तरी आठ घाणे होतात, म्हणजे तासाच्या वर. आधी तळून ठेवावं तर रवा मऊ पडतो आणि तुकडीतली सगळी गंमत जाते. मग कोणीतरी एकजण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तव्यापाशी उभा. त्याच्या कपड्यांना तेलाचा वास आणि त्याचं जेवण साडेतीनला, गार झालेल्या हुमणाशी. शिवाय हुमण ओल्या नारळाचं. ते आदल्या रात्री करून ठेवायचा धीर होत नाही, उकाड्यात नारळ आंबतो. म्हणजे सकाळी सहाला बाजार, मासळी साफ करणं, खोबरं वाटणं, सगळं त्याच दिवशी. डिसेंबरात मासेमारी जोरात असली तरी गिऱ्हाईकही तेवढंच असतं, आणि चांगलं इसवण उशिरा गेलेल्याच्या हाती लागत नाही.

हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं निभावून नेलं. मग एका 19 डिसेंबरला मामा जेवता जेवता 1961 सालच्या गोष्टी सांगायला लागले. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी पूल उडवले तो आवाज, आजीने मुलांना माळ्यावर नेऊन निजवलं ती रात्र, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसलेले भारतीय जवान. मामा एरवी मितभाषी. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सगळे हात वाळवत बसून राहिले. फक्त माझी बहीण आत तव्यापाशी होती. पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना तिने विचारलं, “मामा काय सांगत होते रे? तेल चुरचुरत होतं, मला काहीच ऐकू आलं नाही.” मी जमेल तसं सांगितलं, पण ते मामांच्या तोंडून ऐकण्यासारखं नव्हतं. माझ्यापुरता निर्णय त्या दिवशी झाला.

पुढचा रस्ता शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या काकींनी दाखवला. त्या नाताळचं सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा, दोन-तीन दिवस आधीच शिजवतात आणि रोज एक कढ देतात. व्हिनेगर मुरतं आणि चव चढत जाते. खरं तर हे आपल्यालाही ठाऊक असतं. आदल्या दिवशीची आटवलेली आमटी, म्हणजे ‘काल्ची कोडी’, सकाळी पावाशी खाल्ली नाही असा गोंयकार सापडायचा नाही. तर मग पाहुण्यांसाठी असेच पदार्थ का करू नयेत, जे आदल्या दिवशी केल्यानेच चांगले लागतात?

कोंबडीची शाकुती यात पहिली. खोबरं, खसखस, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या, सगळं भाजून वाटलेलं, वर जायफळ. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण ओल्या नारळासारखं लगेच दगा देत नाही. आदल्या संध्याकाळी शिजवायची, निवली की फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगली खळखळ उकळी. मासे हवेच असतील तर मोरीचं (शार्क माशाचं) आंबट-तीखही आमच्या अनुभवाने दुसऱ्या दिवशी अधिक जमून येतं. मासे-मांस न खाणाऱ्यांसाठी अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) टोणाक, म्हणजे रस्सेदार उसळ, किंवा मिसळीच्या भाज्यांचं खतखतं. तिरफळांचा वास रात्रभरात भाज्यांत असा उतरतो की खाणारेही आधी तेच वाढून घेतात. शाकाहारी भांडी आणि डाव वेगळ्या टेबलावर ठेवा. एकाच डावाने दोन्हीकडे वाढलं गेलं, तर जुनी माणसं काही न बोलता पान आवरतात.

उरला पाव. तो घरी करायचा नाही, हेच मोठं सुख. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत सायकलवरून येतो, त्याच्याकडून घ्यायचा. कडक कवचाचा गोल उंडो शाकुतीच्या रश्शाला, कोंड्याची चपटी पोयी टोणाकाला. साडेसहाला पातेली गरम करून झाकून ठेवली की यजमानाचं काम संपलं. ज्याला हवं तेव्हा तो वाढून घेतो. पोरं तीनदा खातात, गप्पांत रंगलेला माणूस नऊला उठतो. उशिरा आलेल्यामुळे कोणाची खोटी होत नाही.

या पद्धतीतही उणिवा आहेत. उंड्याचं कवच रात्री उशिरा चिवट होतं, म्हणून पाव जाड सुती कपड्यात गुंडाळून टोपलीत ठेवावा लागतो. डास असतात. दव पडतं, म्हणून वयस्क मंडळींना बलकावात (दारापुढच्या छपराखालच्या ओसरीत) बसवावं, अंगणात नको. उभ्याने जेवणं अनेकांना रुचत नाही, तेव्हा खुर्च्या माणसांइतक्याच हव्यात. भाताचा एक टोपही करून ठेवा. मामा पाव खातात, पण शेवटी दोन घास भात लागतोच. आणि रात्रीचा परतीचा प्रवास. किनारपट्टीकडे जाणाऱ्यांना सीझनच्या वाहतुकीतून गाडी चालवायची असते, त्यांना मी साडेनऊच्या पुढे धरून ठेवत नाही. दुपारच्या पंगतीत ही काळजी नव्हती, हे मान्य केलंच पाहिजे.

माणसं दहाच्या आत असतील, तर कदाचित पंगतच बरी. दोन-तीन घाण्यांत तळण आटोपतं आणि तळणाराही पानावर बसतो. त्यापुढे आकडा गेला की मी तरी संध्याकाळच सुचवीन. तुमच्याकडे तळायला दोन तवे आणि चार हात असतील तर गोष्ट वेगळी.

दिवस निवडतानाही थोडा विचार लागतो. ख्रिस्ती शेजाऱ्यांना 24च्या रात्री बोलवू नका, ती मध्यरात्रीच्या मिसेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, रात्र. 25ची दुपार त्यांच्या घरच्यांची. 26 ते 30मधली एखादी संध्याकाळ धरा, त्यातही सोमवार आणि गुरुवार टाळा, नाहीतर अर्धी हिंदू मंडळी टोणाकावरच राहतील. काही वर्षी मार्गशीर्षातले गुरुवार डिसेंबरच्या अखेरीपर्यंत येतात, तेही कालनिर्णयात बघून ठेवा. गोडाची खटपट मात्र मुळीच करू नका. दिवाळीला आपण फराळाचं ताट शेजारी पाठवलेलं असतं. नाताळात त्यांच्याकडून कोंसुआदाचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट येतं: दोदोल, नेवऱ्या, बोलिन्य, कधी बेबिंकाची जाड फोड. तेच ताट मध्ये ठेवावं. काकींनाही बरं वाटतं.

पाव माणशी चार धरा आणि पोदेराला निदान दोन दिवस आधी सांगा. या आठवड्यात त्याच्याकडे ऐनवेळी शिल्लक राहत नाही. आमच्याकडे ते सांगायचं काम आता बहिणीने घेतलंय. गेल्या वर्षी मामांना तिनेच आग्रह केला, आणि पूल उडाल्याची गोष्ट त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होती, हातात शाकुतीत बुडवलेला पाव तसाच धरून.