रिव्हॉल्व्हर आणि लिव्हर-ॲक्शनसाठी सौम्य भार: पाच पावडरींचा वापरानंतरचा अनुभव

काडतुसं मी स्वतः भरतो, आणि माझी गरज साधी आहे. धक्का कमी, निशाणा स्टीलच्या पाट्यांवर, आणि शक्य तिथे रिव्हॉल्व्हरला व रायफलीला एकच काडतूस. .३५७ मॅग्नमच्या लिव्हर-ॲक्शनमध्ये, म्हणजे खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस आत घेणाऱ्या रायफलीत, मी .३८ स्पेशलच वापरतो, आणि दुसरी जोडी .४५ कोल्टची. या दोन काडतुसांसाठी कित्येक महिने पाच पावडरी आलटून पालटून भरल्या: ट्रेल बॉस, टाइटग्रुप, एचपी-३८, युनिक आणि रेड डॉट. गोळ्या सगळ्या शिशाच्या, काही नुसत्या ग्रीस लावलेल्या, काही पॉलिमरचा लेप असलेल्या.

भाराचे, म्हणजे एका काडतुसात किती पावडर घालायची त्याचे, आकडे मुद्दामच देत नाही. ते पावडर कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यायचे, आणि तेही त्याच वजनाच्या, त्याच प्रकारच्या गोळीसाठी. तक्त्यातल्या किमान भाराच्या खाली जायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. सौम्य भरणाऱ्याचा हात नेमका तिथेच घसरतो.

कारण अडचण पावडरीपेक्षा केसची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याची आहे. .४५ कोल्ट १८७३ चं, .३८ स्पेशल १८९८ चं. दोन्ही केस काळ्या पावडरीच्या हिशेबाने बनल्या. काळी पावडर तळापासून गोळीच्या बुडापर्यंत भरावी लागायची. धूररहित पावडर त्याच कामाला अगदी थोडी पुरते, आणि उरलेली केस रिकामी राहते. मग पावडर कधी प्रायमरजवळ (तळातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीजवळ) असते, कधी गोळीकडे, कधी खालच्या अंगाला लांबट पसरलेली. प्रायमरची आग तिला दर वेळी वेगळी भेटते, त्यामुळे वेगही वेगळा मिळतो.

हे तपासायला क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, आणि थोडा धीर पुरतो. काही गोळ्या नळी आधी जमिनीकडे झुकवून, मग सावकाश आडवी करून झाडायच्या; काही नळी आधी वर करून. .४५ कोल्टमध्ये, थोड्या जागेत मावणाऱ्या जड पावडरीचा कमी भार असेल, तर दोन्हीतला फरक सेकंदाला १०० फुटांपर्यंत जाऊ शकतो. .३८ मध्ये फरक दिसतो, पण पाटीवर जाणवत नाही. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून वर येतं, म्हणजे पावडर आधी गोळीकडे असते. लिव्हर-ॲक्शनचं प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून आडवं येतं आणि लिव्हरच्या झटक्याने हलतं. तेव्हा एकाच पेटीतली काडतुसं दोन बंदुकांत वेगळी वागली तर दोष काडतुसाला देऊ नये.

ट्रेल बॉस याच अडचणीवरचा उपाय म्हणून बनवली आहे. तिचे दाणे मधे भोक असलेल्या बारीक चकत्या. वजनाला हलकी आणि जागा भरपूर खाणारी, इतकी की पौंडाच्या मापाच्या बाटलीत नऊच औंस मावते. .४५ कोल्टची केस तिने बरीचशी भरते, त्यामुळे स्थितीचा फरक जवळपास नाहीसा होतो. चुकून दोनदा पावडर पडलीच तर केस ओसंडते आणि डोळ्यांना लगेच दिसतं. नवशिक्याला याहून निर्धास्त पावडर मला माहीत नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: गोळी बसवताना ती दाबली जाता कामा नये. चकत्या चुरल्या की जळण्याची गती बदलते आणि दाब वाढतो. आणखी एक गोष्ट म्हणजे मोठे दाणे आणि पावडर मोजून टाकणाऱ्या मापाची छोटी खोबण यांचं पटत नाही. .३८ च्या भाराला माप थोडं इकडेतिकडे होतं, .४५ ला कमी.

असं असूनही तिच्यावर विसंबता येत नाही, कारण ती मिळत नाही. दुकानांच्या फळ्यांवरून ती गायब झाली आणि जी बाटली सापडते तिच्यासाठी लोक भांडतात. माझ्याकडे उरलेली मी .४५ साठी राखून ठेवली आहे. पण ज्याची बाटली पुढच्या महिन्यात मिळेलच असं नाही, त्या पावडरीवर अख्खा भार बेतणं मला पटत नाही. सगळी मापं, सगळी क्रोनोग्राफची टिपणं पुन्हा नव्याने करावी लागतात.

टाइटग्रुपची गोष्ट बरोबर उलटी. जड, बारीक, मापातून पाण्यासारखी वाहणारी, आणि भार इतका कमी की बाटली संपतच नाही. पावडर आणि गोळी ग्रेनमध्ये तोलतात आणि एका पौंडात ७००० ग्रेन असतात, त्यामुळे भारात अर्ध्या ग्रेनची बचतसुद्धा पौंडामागे शेकड्यांनी काडतुसं वाढवते. कंपनी तिची जाहिरात केसमधल्या स्थितीचा परिणाम न होणारी म्हणून करते, आणि माझ्या टिपणांतही ती या बाबतीत बरी उतरली. पण मला ती सौम्य कामासाठी नको, आणि कारण एकच. .३८ च्या केसमध्ये तिचा दुप्पट भार आरामात मावतो, .४५ मध्ये तर तिप्पटही, आणि वरून पाहणाऱ्याला केस रिकामीच वाटते. जुन्या रचनेच्या रायफलीला तो दाब सोसणार नाही. .४५ कोल्टच्या दाबाची ठरलेली कमाल मर्यादा १४,००० पीएसआय (चौरस इंचामागे पौंड) आहे, .३८ स्पेशलची १७,०००. .३५७ ची ३५,००० पीएसआय आहे, म्हणून माझ्या रायफलीत .३८ ला मोठी सवलत मिळते. विंचेस्टरच्या १८७३ च्या टॉगल रचनेत, म्हणजे दुमडणाऱ्या दुव्यांनी बंद होणाऱ्या रायफलीत, ती सवलत नाही. ब्राउनिंगच्या १८९२ च्या रचनेचं कुलूप कितीतरी भक्कम आहे, तरी डोळे झाकून विश्वास तिच्यावरही नको. शिवाय टाइटग्रुप गरम जळते. ग्रीसच्या गोळ्यांबरोबर धूर जास्त, लेपाच्या गोळ्यांबरोबर बरीच सुधारणा. ज्यांच्या प्रेसवर, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्रावर, पावडर तपासणारी कळ आहे आणि जे प्रत्येक केसमध्ये डोकावतात, त्यांना ती खुशाल वापरू द्या. (मापाच्या प्लास्टिकच्या नळकांड्यात पावडर रात्रभर ठेवू नये, मग ती कोणतीही असो. दुहेरी आधाराच्या पावडरीतलं नायट्रोग्लिसरीन प्लास्टिकला डाग पाडतं, आणि कुठल्या बाटलीत काय परत ओतायचं हा गोंधळ त्याहून वाईट.)

युनिक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे, आणि तिच्या नावावर जितके भार छापले गेलेत तितके क्वचितच कुणाच्या. .४५ कोल्टच्या नेहमीच्या, कारखान्याच्या जवळपासच्या भाराला ती उत्तम. केस बऱ्यापैकी भरते, वेग सारखा येतो. पण भार उतरवला की ती काळवंडते. दाब कमी पडला की पावडर पुरती जळत नाही, आणि पितळेची केस फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, टेकत नाही, त्यामुळे धूर मागे सुटतो. .४५ कोल्टच्या केसला हा त्रास विशेष. तोंडाशी जाड असल्याने हलक्या दाबाला ती उघडतच नाही. .४४-४० या दुसऱ्या जुन्या काडतुसाची पातळ केस अशा भाराला चेंबर लवकर बंद करते, म्हणून जुन्या लिव्हर-ॲक्शनवाल्यांना ती आवडते. रिव्हॉल्व्हरमध्ये याचा परिणाम केसच्या बाहेरची काजळी एवढाच. लिव्हर-ॲक्शनमध्ये तोच धूर बोल्टमधून, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागातून, चेहऱ्याकडे येतो. चष्मा असतोच, पण संध्याकाळी गालावरून बोट फिरवलं की कळतं.

यावरचा उपाय पावडर बदलण्याआधी गोळी बदलून पाहणं. मी .३८ मध्ये १२५ ग्रेनच्या गोळीवरून १५८ वर आलो आणि काजळी उघड कमी झाली. जड गोळी जास्त अडून बसते, मागे दाब नीट चढतो, पावडर स्वच्छ जळते. धक्का किंचित वाढतो, पण पाटीवरच्या नेमबाजीच्या वेगाला तो फरक हाताला सहज झेपतो. भक्कम रोल क्रिम्पनेही, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आत वळवून दाबल्यानेही, तेच साधतं, आणि नळीच्या मॅगझिनमध्ये तो तसाही हवाच. मागून स्प्रिंगचा जोर असतो, तो गोळी केसमध्ये ढकलू शकतो. त्याच मॅगझिनमुळे टोकदार गोळी चालत नाही. पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टोक नको, सपाट नाकच हवं.

रेड डॉट मुळात शॉटगनची पावडर. पापुद्रे, त्यांत ओळखीसाठी लाल ठिपके, आणि आकारमानाने फुगीर. ट्रेल बॉसच्या जवळ जाणारी, सहज मिळणारी पर्यायी गोष्ट मला हीच वाटली. केस तिच्याइतकी भरत नाही, पण टाइटग्रुपहून खूप जास्त भरते, आणि दुप्पट भार वरून डोकावल्यावर निदान संशय येतो. पापुद्र्यांमुळे मापात मधूनमधून अडकते. हँडल दर वेळी त्याच जोराने, त्याच गतीने फिरवलं की फरक कमी होतो. तरी दर दहाबारा केसांनंतर एक तराजूवर ठेवून बघतो.

एचपी-३८ ला वेगळी ओळख द्यायची गरज नाही. विंचेस्टर २३१ नावाने विकली जाणारी पावडर हीच. चपट्या गोल दाण्यांची, मापातून इतकी सारखी उतरते की तराजूचा कंटाळा येतो. .३८ स्पेशलमध्ये १५८ ग्रेनच्या गोळीमागे माझ्याकडे हीच भरली जाते, रिव्हॉल्व्हरला आणि रायफलीला एकच पेटी. रायफलीत थोडा जास्त वेग मिळतो, पण फार नाही. जलद पावडर पहिल्या काही इंचांतच जळून संपते आणि पुढची लांब नळी गोळीला घासायचंच काम जास्त करते. म्हणूनच फार हलक्या भारात आवरण असलेली, म्हणजे जॅकेटेड, गोळी रायफलीत घालू नये. ती नळीतच अडकून राहू शकते. आवाज फुसका आला, पाटी वाजली नाही, तर दुसरी गोळी झाडण्याआधी नळी उघडून उजेडाकडे धरायची. हा नियम मी कुणासाठी मोडत नाही, घड्याळ चालू असलं तरी नाही.

.४५ कोल्टमध्ये एचपी-३८ पुरेशी चालते, पण केस खूप मोकळी राहते आणि स्थितीचा फरक दिसतो. तिथे रेड डॉट बरी.

मंद पावडरी मी या कामाला आणल्याच नाहीत. त्यांतल्या एच११० चा भार उतरवू नका असं कंपनीच बजावते. ती मॅग्नमच्या पूर्ण दाबासाठी आहे, आणि कमी भारात पेटणं अनिश्चित होतं. २४०० नावाची पावडर थोडी समजूतदार, पण सौम्य दाबाला न जळलेले दाणे सिलिंडरमागे साठतात.

अमेरिकेतल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या स्पर्धांत रिव्हॉल्व्हरला १,००० आणि रायफलीला १,४०० फूट प्रति सेकंद ही वरची सीमा आहे. खालची ४०० फूट आणि पॉवर फॅक्टर ६०. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचे ग्रेन गुणिले वेग, भागिले हजार. १५८ ग्रेनची गोळी ७०० फुटांवर गेली तरी ११० होतो, म्हणजे जवळपास दुप्पट. तळाला जाऊन धक्क्याचे शेवटचे थेंब पिळून काढणारे लोक आहेत. त्यांची बंदूक फटाक्यासारखी वाजते आणि काजळीने माखते. मला त्यात मजा येत नाही, आणि पाटीलाही तो टोला पडल्यासारखा वाटत नाही.

आता ठरलेलं असं: .३८ ला एचपी-३८, .४५ ला रेड डॉट, आणि कुणी पहिल्यांदाच माझ्या बाकावर काडतुसं भरायला बसलं तर त्याच्यापुढे ट्रेल बॉसची उरलेली बाटली. युनिक .४५ च्या पूर्ण भारासाठी कपाटात आहे. नव्या लॉटची बाटली फोडली की तक्त्यातल्या सुरुवातीच्या भारापासून पुन्हा वर यायचं आणि क्रोनोग्राफ लावायचा. बाटली बदलल्याची तारीख मी झाकणावर लिहून ठेवतो.