गाडीतल्या रास्पबेरी पायची स्क्रीन: डीएसआय रिबन की एचडीएमआय?

रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’) स्क्रीनच्या पाठीमागेच बसणार असेल तर डीएसआय घ्या, म्हणजे चपट्या रिबन केबलची जोडणी. चित्र आणि टच एकाच रिबनमधून जातात, डॅशबोर्डमागे वायरींचा गुंता होत नाही. पण रिबन नाजूक. बॅकलाइट चालू आणि चित्र नाही, तर आधी पॉवर काढा, दोन्ही टोकांच्या कनेक्टरची कुलपं उघडा, पट्टी सरळ आत सरकवून पुन्हा दाबा. एक कोपरा अर्धा मिलिमीटर तिरका राहिला तरी चित्र जायला पुरतं. संपर्कांची बाजू उलटी लागली असेल तर पडदा काळाच. पाय ४ या मॉडेलला १५ पिनची पट्टी लागते, पाय ५ ला २२ पिनची; जुनी रिबन तशीच बसणार नाही.

पाय सीटखाली किंवा डिकीत ठेवायचा असेल तर एचडीएमआयच. टचसाठी यूएसबी आणि पॉवर वेगळी ओढावी लागते, आणि खरी डोकेदुखी तिथेच. खड्ड्यात चित्र जातं-येतं? मायक्रो एचडीएमआयचा प्लग हलतोय. केबल प्लगजवळच टायने बांधा. स्टार्टर मारताना पडदा काळा होत असेल तर एचडीएमआय केबल बदलण्यात अर्थ नाही. त्या क्षणी बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. व्होल्टेज मोजायचा मीटर स्क्रीनच्या टोकाला लावा, बॅटरीवरून ५ व्होल्ट देणाऱ्या कन्व्हर्टरच्या नाही. तिथे ५ चे ४.६ दिसले तर पॉवरची जाड वायर टाका, स्क्रीन आणि पाय यांची अर्थिंग एकाच बिंदूवर आणा. इंजिन सुरू झाल्यावरही चित्र परत येत नसेल, तर पाय स्क्रीनच्या आधी बूट (सुरू) झाला असावा आणि त्याला स्क्रीन दिसली नसावी. पायच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय आउटपुट कायम चालू ठेवा.