कुर्टीचे गॅरेज आणि ब्रेकचा तांबडा दिवा

फोंड्याजवळ कुर्टी येथे एक लहानसे गॅरेज आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण चतुर्थीच्या तोंडावर हातातलीच कामे उरकत नाहीत, त्यात आणखी भर नको, असे तेथील मेस्त्रींनी स्वतःच मला सांगितले आहे. पेटलेला दिवा विझवून देणारे गॅरेज कोठेही मिळते. तो का पेटला हे शेवटपर्यंत शोधणारे मला तरी प्रथमच भेटले, म्हणून हा अभिप्राय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावहून परतताना मी चोर्ला घाट उतरत होतो. गाडी जुनी हॅचबॅक, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्यांना ड्रम ब्रेक. एका वळणावर वर्तुळातील उद्गारचिन्हाचा तांबडा दिवा क्षणभर लागला आणि सरळ रस्ता येताच विझला. हँडब्रेक थोडासा ओढलेला राहिला तरी हाच दिवा लागतो, म्हणून आधी तो पाहिला. तो पूर्ण खाली होता. पुढच्या वळणावर दिवा पुन्हा लागला. असा लागून विझणारा दिवा दिसला की आपण वायरिंगला दोष देऊन मोकळे होतो. वस्तुस्थिती निराळी असते. ज्याला आपण सरसकट ब्रेक ऑइल म्हणतो त्या, पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवाच्या बाटलीत एक तरंगता भाग असतो. पातळी बाटलीवरच्या खालच्या रेषेपाशी आली की वळणावर, उतारावर किंवा जोराने ब्रेक दाबल्यावर द्रव एका बाजूला कलतो, तो भाग खाली बसतो आणि दिवा लागतो. गाडी सपाटीवर आली की तो विझतो खरा, पण द्रव कमी झालेला असतोच. मी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर शक्य तितका कमी भार टाकत खाली उतरलो आणि अंजुणे धरण मागे टाकून केरी गावात सपाट जागा मिळताच थांबलो.

तेथून मेस्त्रींना फोन केला. इंजिन सुरू ठेवून ब्रेकचे पेडल जोराने दाबा आणि अर्धा मिनिट तसेच धरा, ते हळूहळू खाली जाते का पाहा, असे त्यांनी सांगितले. पेडल जात नव्हते, मात्र रोजच्यापेक्षा थोडे खालून लागत होते. बॉनेट उघडून पाहिले तर बाटलीतील पातळी खालच्या रेषेच्याही खाली. मग त्यांनी विचारले, की याआधी ऑइल कधी भरले होते. तीन महिन्यांपूर्वी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिसिंग झाले होते आणि बिलावर ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ अशी ओळही होती. हे ऐकताच ते म्हणाले, “काका, मग गाडी हलवू नका.”

त्यांचे गणित सोपे होते. डिस्कला घासून चाक थांबवणारे ब्रेक पॅड झिजत जातात तसे त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरमधील पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची वाढलेली जागा भरायला बाटलीतील द्रव उतरतो. म्हणून वर्षा-दोन वर्षांत पातळी थोडी खाली येणे हे पॅड झिजल्याचे लक्षण असते. परंतु वरच्या रेषेपर्यंत भरलेली बाटली तीन महिन्यांत खालच्या रेषेखाली जाण्याइतके पॅड झिजत नाहीत. याचा अर्थ ऑइल कोठेतरी गळत आहे. पहिल्या वेळी भरण्याऐवजी कोणी पॅड पाहिले असते, चाके काढली असती, तर हे तेव्हाच कळले असते. त्या सेंटरच्या स्वागतकक्षात मात्र कॉफी फार चांगली मिळते, हे मान्य करायला हवे.

गाडी केरीतच एका दुकानदाराच्या अंगणात ठेवली आणि विम्यासोबत मिळणाऱ्या मदतीतून दुसऱ्या दिवशी ती क्रेनवर कुर्टीला आणवली. ब्रेकमध्ये दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा काही प्रमाणात गाडी थांबवतो, हे मला ठाऊक होते, आणि त्याच भरवशावर मी ती चालवत आणण्याच्या विचारात होतो. तो विचार मेस्त्रींनी मोडून काढला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

गॅरेजमध्ये बसायला एक बाक आहे, त्यावरही अर्ध्या भागात सामान. पत्र्याखाली उभे राहून मी सर्व काम पाहिले. चारही चाके काढण्यात आली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर ओलसर, चिकट ओघळ दिसला. बाहेरून तो कोणालाही दिसला नसता, आणि गळती ड्रमच्या आत असल्यामुळे जमिनीवर एक थेंबही पडलेला नव्हता. ड्रम उतरवून त्यांनी व्हील सिलिंडरवरील, म्हणजे ऑइलच्या दाबाने मागचा ब्रेक लावणाऱ्या भागावरील, रबराची टोपी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उचलली, तर तिच्याखालून पिवळट काळे ऑइल बाहेर आले. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर त्याने भिजले होते. भिजलेले लायनर धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. येथे ते दोन्ही बाजूंचे बदलले, कारण एका बाजूची पकड नवी आणि दुसरीची जुनी असेल तर ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढते. उजवा सिलिंडर कोरडा होता, म्हणून तो बदलला नाही. “तो चांगला आहे, पैसे कशाला घालता?” एवढेच त्यांनी म्हटले. पुढचे पॅडही संपत आले होते, ते बदलले.

नंतरचा भाग सर्वांत पाहण्यासारखा होता. बाटलीच्या टोपणावर लिहिलेला प्रकार वाचून त्यांनी डॉट ४ चा नवा, सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला. फळीवरचा अर्धा उरलेला डबा वापरण्यास नकार दिला. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. कोरडे असताना डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर त्याची मर्यादा १५५° पर्यंत उतरते. घाटात सतत ब्रेक दाबून ते तापले आणि आत वाफ झाली, तर पेडल दाबले जाते पण गाडी थांबत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात उघडा डबा किती दिवस कोरडा राहणार? मग जुने ऑइल आणि आतली हवा बाहेर काढण्यासाठी त्यांचा मुलगा गाडीत बसला आणि चाकापाशी बसलेल्या बापाच्या तोंडून “दाब... धर... सोड” असा ठेका सुरू झाला. पारदर्शक नळीतून आधी काळ्या चहासारखे ऑइल आले, मग बुडबुडे, आणि शेवटी फिकट मधाच्या रंगाची अखंड धार. मडगार्डवर उडालेले थेंब त्यांनी लगेच पाण्याने धुतले, कारण हे ऑइल गाडीचा रंग खराब करते.

शेवटी दिव्याचीही परीक्षा झाली. बाटलीचे टोपण वर उचलताच त्याला जोडलेला तरंगता भाग खाली लोंबला आणि तांबडा दिवा लागला. टोपण बसवल्यावर विझला. चावी फिरवल्यावर हा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे, न लागल्यास तो बिघडला आहे असे समजावे, हेही त्यांनी दाखवले.

एकूण बिल ४,४५० रुपये झाले, आणि काढलेले सुटे भाग न मागता पिशवीत घालून परत मिळाले.

उणिवाही आहेत. दुपारपर्यंत देतो म्हटलेली गाडी संध्याकाळी सात वाजता मिळाली आणि मधल्या वेळेत कोणी कळवले नाही. बिल हाताने लिहिलेले असते व भागांच्या कंपन्या त्यावर नसतात. पिवळ्या एबीएस दिव्यासाठी लागणारे स्कॅनिंगचे यंत्र येथे नाही. एकटा पिवळा दिवा लागला तर साधा ब्रेक चालतो, फक्त चाके जाम होण्यापासून मिळणारे संरक्षण जाते. तांबडा आणि पिवळा एकत्र लागले तर मात्र गाडी थांबवावी, असे सांगून ते अशा गाड्या सरळ दुसरीकडे पाठवतात. २०१९ नंतरच्या सर्व नव्या मोटारींना एबीएस असल्यामुळे ही उणीव पुढे जास्त जाणवेल.

रविवारी गॅरेज बंद असते, आणि चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात दिवस ठरवल्याशिवाय गाडी आत घेतली जात नाही.