नागपूरच्या मे महिन्यात रीफ टँक: पंखा की चिलर?
60 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, दोन क्लाउनफिश, थोडे मऊ प्रवाळ. नागपुरात त्याची खरी परीक्षा मे महिन्यात. प्रवाळाला 25-26 अंश मानवतात. पाणी 30 च्या वर टिकून राहिलं की तो आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ते बघवत नाही.

पाणी थंड ठेवायला दोन उपाय: पाण्यावर वारा सोडणारा पंखा, किंवा चिलर, म्हणजे टँकचं पाणी गार करणारं यंत्र. पंखा स्वस्त. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं आणि आपली कोरडी हवा त्याला साथच देते. पण त्याच खोलीत कूलर लावला की हवा दमट होते, पंख्याचा जोर ओसरतो. शिवाय पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज साधं आरओचं पाणी घालून सापेक्ष घनता (पाणी किती खारं आहे ते सांगणारा आकडा) 1.025 वर आणायची. खारं पाणी घातलंत तर खारेपणा चढतच जाईल.

चिलर महाग, वीजही खातो आणि गरम हवा खोलीतच सोडतो. तरी दुपारी घरी कुणी नसताना तापमान स्थिर ठेवतो, म्हणून प्रवाळ असेल तर मी चिलरच घ्यायला सांगेन. नुसते मासे असतील आणि खोली थंड राहत असेल, तर पंख्यावर भागतं. वीज गेली की दोन्ही बंद. फ्रीजरमध्ये बर्फाच्या बंद बाटल्या तयार असू द्या.