अहेर: पाकीट की वस्तू?

भाचीच्या लग्नात पाकीट द्यावे की पैठणी, असा प्रश्न वहिनींनी विचारला. खर्च दोन्हींत आपण ठरवू तेवढाच. श्रमांत मात्र मोठा फरक आहे, कारण लक्ष्मी रस्त्यावर दोन संध्याकाळी घालवून घेतलेली साडी रंग न आवडल्यास कपाटातच राहते, तर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले पाकीट पाच मिनिटांत तयार होते. टिकण्यात वस्तू सरस: माझ्या अहेराचे पैसे कशात गेले ते आठवत नाही, पण मावशीचे पितळी पातेले कल्हई लावून अजून वापरात आहे. प्राप्तिकराचे म्हणाल, तर जवळच्या नातेवाइकांकडील भेट करमुक्त असते. मित्रांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक मिळाल्यास कर लागतो, लग्नातला अहेर त्याला अपवाद. नवे घर मांडणाऱ्यांना पाकीट द्यावे. जिची आवड नेमकी ठाऊक आहे, तिला वस्तू.